विश्लेषण : बारटेंडिंगचा छंद नगरमध्ये शिकता येतो का? त्यातून करिअर घडते का?

अहिल्यानगर जिल्ह्याचे दारूशी नाते सरळ नाही. श्रीरामपूर तालुक्यातील टिळकनगर येथे १९३३ मध्ये महादेव डहाणूकर यांनी महाराष्ट्र शुगर मिल्स सुरू केली. तीच कंपनी आज टिळकनगर इंडस्ट्रीज या नावाने ओळखली जाते आणि तिची ‘मॅन्शन हाऊस’ ब्रँडी दक्षिणेकडील राज्यांत मोठ्या प्रमाणावर खपते. याच जिल्ह्यात, पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीने अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने १९७० च्या दशकात गावातल्या दारूभट्ट्या बंद केल्या आणि दारूबंदी हा गावाच्या ओळखीचा भाग झाला. एकीकडे डिस्टिलरी, दुसरीकडे दारूबंदी, अशा जिल्ह्यात एखादा मुलगा किंवा मुलगी मोबाइलवर कॉकटेलचे व्हिडीओ पाहून ‘मला बारटेंडिंग शिकायचे आहे’ म्हणाली, तर घरातली पहिली प्रतिक्रिया काय असेल, हे सांगायला नको. हा छंद घरच्या घरी कितपत शिकता येतो, कायदा कुठे आडवा येतो आणि नोकरी खरोखर कुठे आहे?

बारटेंडर आणि परमिट रूममधला वेटर यांत फरक काय?

नगर, श्रीरामपूर, संगमनेर किंवा कोपरगावात ‘बार’ म्हणजे बहुतेक वेळा परमिट रूम. महाराष्ट्रात दारूबंदीचा १९४९ चा कायदा आजही लागू आहे आणि त्यानुसार दारू पिण्यासाठी परवाना, म्हणजे परमिट लागते. परमिटधारकाने बसून प्यायची जागा ती परमिट रूम. तिथे गिऱ्हाईक क्वार्टर किंवा नाइन्टी मागवते, सोबत सोडा आणि चखणा येतो, पेय टेबलावरच मिसळले जाते. मिसळणारा गिऱ्हाईकच असतो. काउंटरमागचा माणूस बाटल्या देतो, हिशेब ठेवतो.

बारटेंडरचे काम इथून पुढे सुरू होते. कोणत्या पेयात आंबट किती, गोड किती, बर्फ कसला, ग्लास कोणता, हे तो ठरवतो आणि शंभरावा ग्लासही पहिल्यासारखाच देतो. या कामाला लिखित परंपरा आहे. अमेरिकेतील जेरी थॉमस यांनी १८६२ मध्ये बारटेंडरांसाठी पाककृतींचे पुस्तक छापले. या विषयावरच्या सुरुवातीच्या पुस्तकांत त्याचे स्थान पहिले मानले जाते. इंटरनॅशनल बारटेंडर्स असोसिएशन ही संघटना १९५१ मध्ये इंग्लंडमध्ये स्थापन झाली आणि तिची प्रमाणित कॉकटेलची यादी आजही शिकणाऱ्यांचा पहिला धडा असते. या परंपरेत आपलाही एक धागा आहे. ‘पंच’ हा पेयप्रकार १७ व्या शतकात भारतातून युरोपात गेला आणि मद्य, साखर, लिंबू, पाणी, मसाला अशा पाच घटकांवरून त्याला ‘पंच’ हे नाव पडले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

दारूला हात न लावता हे शिकता येते का?

बऱ्याच अंशी येते, आणि वीस-बावीस वर्षांच्या मुलांसाठी तोच एकमेव कायदेशीर मार्ग आहे. बारटेंडिंगमधला मोठा भाग दारूचा नसून मापाचा, आंबट-गोडाच्या तोलाचा, बर्फाचा आणि स्वच्छतेचा आहे. त्यासाठी लागणारे साहित्य या जिल्ह्यात जितके सहज मिळते तितके मुंबईच्या बारलाही मिळत नसेल.

लिंबाचेच पाहा. श्रीगोंदा तालुका कागदी लिंबासाठी ओळखला जातो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘साई सरबती’ आणि ‘फुले शरबती’ हे कागदी लिंबाचे वाण दिले. कॉकटेलच्या जगात ‘सावर’ नावाचे एक मोठे घराणे आहे. मद्य, आंबट आणि गोड असे तीनच घटक, पण प्रमाण चुकले की सगळे बिघडते. परदेशी पाककृतीत लिहिलेले लिंबाचे माप आपल्या कागदी लिंबाला जसेच्या तसे लावता येत नाही. उन्हाळ्यातले लिंबू आणि पावसाळ्यातले लिंबू यांच्या रसातही फरक पडतो. ज्याच्या घरी किंवा शेजारी लिंबाची बाग आहे त्याने दर महिन्याला रस चाखून वहीत नोंद ठेवली, तर वर्षभरात त्याच्याकडे असे ज्ञान जमा होते जे कोणत्याही व्हिडीओत नाही.

सरावासाठी मद्याच्या जागी थंड केलेला कडक कोरा चहा चालतो. ६० मिली चहा, २० मिली लिंबाचा रस, २० मिली साखरेचा पाक. पाक म्हणजे समान वजनाची साखर आणि पाणी, उकळून न आटवता नुसते विरघळवलेले. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरपूर बर्फासह हे मिश्रण दहा-बारा सेकंद जोरात हलवायचे आणि गाळून मोजायचे. १०० मिली घातले होते, आता जास्त निघेल. वाढलेला सगळा भाग बर्फाच्या पाण्याचा. हे पाणी म्हणजे भेसळ नाही, पेयाचा तो घटकच आहे, आणि ते किती उतरू द्यायचे हे हाताला समजणे म्हणजेच शेकर शिकणे. फळांचा रस असेल तर हलवायचे. नुसती मद्ये एकत्र करायची असतील तर चमच्याने ढवळायचे, म्हणजे पेय गढूळ होत नाही.

दुसरा सराव ओतण्याचा. बाटलीला ओतायची तोटी लावून, पाणी भरून, मनात आकडे मोजत ३० मिली ओतायचे आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तपासायचे. ३० मिली पाण्याचे वजन ३० ग्रॅम, त्यामुळे चूक लगेच दिसते. सलग वीस वेळा दोन-तीन ग्रॅमच्या आत आले तर हात बसला. सुरुवातीला हे कुणालाच जमत नाही. बाटल्या हवेत उडवण्याचा प्रकार, ज्याला फ्लेअर म्हणतात, तो याच्या खूप नंतरचा. आणि खरे तर नोकरीत तो फार थोड्या ठिकाणी लागतो. व्हिडीओत मात्र तोच जास्त दिसतो.

डाळिंबाचा पाक हा तिसरा धडा. ग्रेनेडाइन या नावाने बाटलीत मिळणारे लाल सिरप मूळचे डाळिंबाचे, नावही डाळिंबाच्या फ्रेंच शब्दावरून आलेले. बाजारातल्या अनेक बाटल्यांत रंग आणि साखरच जास्त असते. राहाता, संगमनेर पट्ट्यातल्या ‘भगवा’ डाळिंबाचा रस काढून त्यात समान साखर विरघळवली तर खरे ग्रेनेडाइन घरी तयार होते. अकोल्याच्या डोंगरातली करवंदे आणि जांभळे, गुळाचा पाक, आवळा, कोकम, आले हे सगळे याच रांगेतले. या साहित्यातून बिनमद्याची पाच पेये नेमकी आणि पुन्हा पुन्हा सारखी बनवता आली, तर लग्नसमारंभातल्या वेलकम ड्रिंकच्या काउंटरवर पहिली कमाई जिल्ह्यातच होऊ शकते. परवाना लागतो तो दारूला, लिंबू-डाळिंबाला नाही. खाद्यपदार्थ विकायचे म्हटल्यावर अन्नसुरक्षेची नोंदणी तेवढी करावी लागते.

कायदा कुठे आडवा येतो?

पहिली अडचण वयाची. महाराष्ट्रात व्हिस्की, रम, जिनसारखी मद्ये आणि देशी दारू पिण्यासाठी वय २५ पूर्ण लागते. वाईन आणि सौम्य बिअरसाठी २१. देशातल्या सर्वाधिक कडक वयोमर्यादांपैकी ही एक आहे. वय झाल्यावरही परवाना लागतोच. विदेशी मद्यासाठी एक दिवसाचा परवाना ५ रुपयांचा, वर्षाचा १०० रुपयांचा आणि आजीवन १ हजार रुपयांचा. हा परवाना गंमत म्हणून आहे असे अनेकांना वाटते, पण घरात बाटल्यांचा छोटा बार मांडणाऱ्याला तो जवळ असणे आणि त्यातली साठ्याची मर्यादा पाळणे बंधनकारक आहे.

दुसरी अडचण मित्रांच्या पार्टीची. छंद म्हणून कॉकटेल बनवणाऱ्याला लवकरच ‘आमच्या फार्महाऊसवर ये, पैसे देतो’ असे निमंत्रण येते. विनापरवाना दारू विकणे किंवा पैसे घेऊन पाजणे हा गुन्हा आहे. अशा कार्यक्रमासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून एक दिवसाचा तात्पुरता परवाना घ्यावा लागतो, आणि तो आयोजकाने घेतला आहे का हे आधी कागदावर पाहणे बारटेंडरच्याच हिताचे. परमिट रूममध्ये नोकरीला लागल्यावर ‘नोकरनामा’ हा शब्द कानावर पडतो. परवानाधारकाच्या वतीने दारू हाताळणाऱ्या नोकराची ही उत्पादन शुल्क विभागाकडची नोंद. मालक तो करतो म्हणून सांगतो आणि करत नाही, असे झाले तर छाप्याच्या दिवशी नोकराची अवस्था कठीण होते.

रील बनवणाऱ्यांनी दारूबंदी कायद्याचे कलम २४ एकदा वाचावे. दारू पिण्यास उद्युक्त करणाऱ्या जाहिरातीच्या प्रसिद्धीला ते मनाई करते. ब्रँडची बाटली हातात धरून ‘हे घ्याच’ म्हणणारा व्हिडीओ आणि तंत्र शिकवणारा व्हिडीओ यांतली रेषा पुसट आहे. शिकाऊ माणसाने रेषेच्या अलीकडेच राहिलेले बरे.

शिकवणीत क्वचितच येणारा धडा

फेब्रुवारी २०१७ मध्ये, जिल्हा परिषद निवडणुकीच्या धामधुमीत, नगर तालुक्यातील पांगरमल गावात पार्टीत वाटलेल्या बनावट दारूने अनेकांचे जीव घेतले. त्याआधी जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक बळी गेले होते. अशा दारूतले मिथेनॉल वासावरून, चवीवरून किंवा रंगावरून ओळखता येत नाही, अनुभवी बारटेंडरलाही नाही. त्याच्या हातात एवढेच असते की बाटली परवानाधारक दुकानातून, बिलासह, शाबूत सीलची घ्यायची आणि ‘ओळखीच्याकडून स्वस्तात’ आलेली बाटली काउंटरवर चढू द्यायची नाही.

दुसरे गणित पेगचे. भारतात बनणाऱ्या बहुतेक व्हिस्की, रम, ब्रँडीत अल्कोहोलचे प्रमाण ४२.८ टक्के असते. म्हणजे ३० मिलीच्या एका छोट्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. मोटार वाहन कायद्यानुसार वाहन चालवणाऱ्याच्या १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले की गुन्हा. ६० किलो वजनाच्या पुरुषाने ६० मिलीचा एकच मोठा पेग घेतला, तरी ढोबळ हिशेबाने त्याच्या रक्तातले प्रमाण ५० मिलिग्रॅमच्या आसपास जाते. ‘एकाच पेगने काय होते’ याचे उत्तर असे आकड्यांत देता येणे आणि चौथा ग्लास मागणाऱ्या गिऱ्हाईकाला, ते ओळखीचे असले तरी, न दुखावता नाही म्हणता येणे हे कॉकटेलपेक्षा अवघड काम आहे. पुण्या-नगर रस्त्यावरच्या बारमध्ये तर गिऱ्हाईक बहुधा गाडीनेच आलेले असते.

यात स्वतःची तब्येतही आली. रोज रात्री दारूच्या सान्निध्यात काम करणाऱ्याला व्यसनाचा धोका जास्त असतो. चव घेताना चांगला बारटेंडर स्ट्रॉच्या टोकाने दोन थेंब घेतो, घोट नाही. ज्या घरात दारूने आधीच नुकसान केले आहे तिथल्या मुलाने हा पेशा निवडताना आईने घातलेली हरकत जुनाट म्हणून उडवून लावण्यासारखी नसते. पारनेर तालुक्यातील निघोजच्या महिलांनी गावातली दारू बंद व्हावी म्हणून मतदानाची लढाई लढली. महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी ‘आडव्या बाटली’ला मत दिले तर गावातले दारूचे दुकान बंद करण्याची तरतूद राज्यात आहे. ही पार्श्वभूमी असलेल्या जिल्ह्यात बारटेंडर होऊ पाहणाऱ्याला घरच्यांशी बोलणे टाळता येत नाही.

रीतसर प्रशिक्षण कुठे मिळते?

मराठी मुलुखातले सगळ्यात ठळक उदाहरण मुंबईतल्या शतभी बासू यांचे. हॉटेल व्यवस्थापनाचे शिक्षण घेऊन १९८० च्या दशकात त्या बारच्या काउंटरमागे उभ्या राहिल्या आणि देशातल्या पहिल्या महिला बारटेंडर म्हणून ओळखल्या गेल्या. पुढे त्यांनी मुंबईत ‘स्टर’ ही बारटेंडिंगची अकादमी काढली. दिल्लीचे यांगडुप लामा दार्जिलिंगच्या डोंगराळ भागातून आले, हॉटेलात नोकरी करत शिकले आणि त्यांच्या ‘साइडकार’ बारचे नाव जगातल्या उत्तम बारच्या यादीत गेले. दोघांच्याही बाबतीत हॉटेलातली वर्षे आधी आणि नाव नंतर, हा क्रम सारखा आहे.

बारावीनंतर मार्ग दोन. एक तीन-चार वर्षांचा, हॉटेल व्यवस्थापनाच्या पदवीचा. मुंबईत दादरची केंद्र सरकारी संस्था १९५४ पासून आहे, पुण्यात राज्य सरकारची संस्था आहे. पदवीत बार हा एका विषयाचा भाग असतो, पण बारमध्ये मन रमले नाही तर स्वयंपाकघर, स्वागतकक्ष, केटरिंग अशी इतर दारे उघडी राहतात. दुसरा मार्ग खासगी अकादम्यांच्या काही आठवड्यांच्या अभ्यासक्रमाचा. फी भरण्यापूर्वी तिथे विचारायचे ते असे : प्रत्यक्ष काउंटरमागे किती तास उभे करणार, मागच्या तुकडीतली मुले आज नेमकी कुठे कामाला आहेत, आणि मध्येच सोडले तर फी परत मिळते का. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ या शब्दांना कर्ज काढण्याइतके वजन देऊ नये. मद्यकंपन्यांची मोफत ऑनलाइन प्रशिक्षणेही आहेत. ती चांगली असतात, फक्त ती कंपनीचा माल विकण्यासाठी आहेत हे लक्षात ठेवून पाहावीत.

नोकरी जिल्ह्यात आहे का?

फारशी नाही. शिर्डीत हॉटेले भरपूर, विमानतळही २०१७ पासून आहे, पण तिथला पाहुणा दर्शनाला आलेला असतो. महामार्गावरच्या आणि शहरातल्या परमिट रूमना कॉकटेल बनवणारा माणूस लागत नाही, आणि त्यांचे स्वतःचे गणितही सरकारी आणि न्यायालयीन निर्णयांवर हेलकावे खाते. महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली दारूविक्री बंद करण्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ एप्रिल २०१७ पासून असंख्य बारना कुलूप लागले. पुढे पालिका हद्दीपुरती सवलत मिळाली. जून २०२५ मध्ये राज्याने मद्यावरील उत्पादन शुल्क मोठ्या प्रमाणात वाढवले आणि करवाढीच्या निषेधार्थ १४ जुलै २०२५ रोजी राज्यभरातील बार मालकांनी बंद पाळला. अशा प्रत्येक निर्णयाची झळ सर्वात आधी काउंटरमागच्या माणसाला बसते.

खरी मागणी पुणे, मुंबई आणि गोव्यात आहे. संगमनेर, अकोले, कोपरगावच्या मुलांसाठी नाशिक जवळचे. तिथल्या सुला विनयार्ड्ससारख्या वायनरींमध्ये पाहुण्यांना वाईन चाखवून समजावून सांगणारी माणसे लागतात. हे बारटेंडिंगचे चुलत भावंड म्हणता येईल, आणि द्राक्षाच्या मळ्यात वाढलेल्या मुलाला तिथे सांगण्यासारखे बरेच असते. कुठेही गेले तरी सुरुवात बार-बॅकपासून, म्हणजे बर्फ वाहणे, ग्लास धुणे, लिंबे कापणे. ही वर्षे रात्रीची, उभ्याची आणि सणासुदीला घरी न येण्याची असतात. दिवाळी आणि ३१ डिसेंबर हे तर कामाचे दिवस.

क्रूझ जहाजावरच्या नोकरीचे आकर्षण मोठे, आणि फसवणूकही तिथेच जास्त. भारतातून जहाजावर माणसे पाठवणाऱ्या एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना असावा लागतो आणि त्याला उमेदवाराकडून भरतीसाठी पैसे घेता येत नाहीत. कुणी ‘जागा पक्की करण्यासाठी’ लाखभर रुपये मागत असेल तर तिथून निघावे. परवानाधारक कंपन्यांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर मोबाइलवरही पाहता येते.

मुलींचे काय?

दारू दिली जाते अशा ठिकाणी स्त्रियांना नोकरीस मनाई करणारे पंजाब अबकारी कायद्याचे कलम, जे दिल्लीत लागू होते, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये अनुज गर्ग खटल्यात रद्दबातल ठरवले. संरक्षणाच्या नावाखाली स्त्रीचे काम काढून घेता येत नाही, तिला काम करता येईल अशी सुरक्षितता द्यायला हवी, असा त्या निकालाचा रोख होता. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर महिलेला कामावर ठेवायचे तर तिची संमती, सुरक्षा आणि घरी पोहोचवण्याची व्यवस्था मालकाने करायची आहे. तरीही ‘बारमध्ये काम करते’ या वाक्याचा नगरमध्ये लावला जाणारा अर्थ अजून डान्स बारच्या दिवसांतला आहे. म्हणून मोठ्या हॉटेलची नियुक्तिपत्रासह नोकरी आणि रात्रीच्या वाहनाची लेखी हमी या गोष्टी मुलींनी पगाराच्या आकड्याआधी विचारायच्या.

काउंटरमागे उभे न राहताही

चव, वास आणि मिश्रणाची आवड आहे, पण रात्रपाळी नको, अशांसाठी जिल्ह्यातच दुसरी वाट आहे. मद्य बनवणाऱ्या कारखान्यांना किण्वन, गुणवत्ता तपासणी आणि ब्लेंडिंग जाणणारी माणसे लागतात. पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये विज्ञान पदवीधरांसाठी अल्कोहोल तंत्रज्ञानाचा पदविका अभ्यासक्रम आहे. जून २०२५ च्या निर्णयात राज्याने धान्यापासून बनणाऱ्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ या नव्या वर्गाला मान्यता दिली, ती स्थानिक उत्पादकांसाठी. त्याच्या पुढच्याच महिन्यात टिळकनगर इंडस्ट्रीजने पेर्नो रिका कंपनीचा ‘इम्पीरियल ब्लू’ हा व्हिस्कीचा व्यवसाय विकत घेण्याचा करार जाहीर केला. रसायनशास्त्रात रस असलेल्या बारावीच्या मुलाने शेकर आणि पदवी या दोन्हींचा विचार एकाच वेळी करायला हरकत नाही; २५ वर्षांचा होईपर्यंत त्याच्याकडे तेवढा वेळ आहे.